काळ्या कागदावरचे अप्पा

फोटो, कविता आणि गाणं ही तिन्ही एकत्र करायचं तुम्हाला कसं सुचलं, असं मला कधीकधी विचारतात. सुचलं वगैरे काही नाही. मला तिन्हीतलं एकही धड येत नव्हतं. मी काढलेला फोटो असा यायचा की त्यात काय आहे ते सांगावं लागायचं, म्हणून मी त्याच्याखाली चार ओळी लिहायचे. चार ओळींत माझा दम संपायचा, म्हणून टेप लावायचे. एकाचं उणं दुसऱ्यानं झाकायचं, एवढाच हिशेब.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी नांदेडला खोली करून राहिले, बी.ए. झाले आणि लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले. हे मी जरा मान वर करून सांगते, आणि सांगणारच. जिल्हा नवा, कचेरी नवी, टेबलं मात्र कमी. जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं दप्तरं यायची, ती आम्ही भिंतीला लावून रचायचो. मला टेबल मिळेपर्यंत मी दोन गठ्ठ्यांवर फळी टाकून काम केलं.

टेबल मिळाल्याचं पत्रानं कळवलं, तर अप्पा ते बघायला गावाहून आले. अप्पा म्हणजे माझे वडील. अंगात बंडी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि काखेत एकतारी. एकतारी कशाला आणली विचारलं तर म्हणाले, "घरी ठेवून काय करू? ती बी बघंल की तुझं टेबल." आमच्या अव्वल कारकुनांनी त्यांना चहा पाजला. अप्पांनी माझ्या खुर्चीत बसून पाहिलं, दोन्ही हातांनी टेबल दाबून पाहिलं आणि म्हणाले, "डुगडुगतंय. पर बरं हाय."

पहिल्या वर्षी मी एक डबा कॅमेरा घेतला. एका रोलात बारा फोटो. मागाहून एक टेप घेतला, सेलवर चालणारा. रविवारी दुपारी घरमालकीणबाई झोपल्या की मी दार लोटून घ्यायचे. चौकातल्या स्टुडिओतून धुऊन आणलेला फोटो काळ्या जाड कागदावर चिकटवायचा, चारी बाजूंनी बोटभर काळं सोडायचं, खाली पांढऱ्या पेन्सिलीनं ओळी लिहायच्या. मग टेपवर एखादं गाणं लावायचं आणि कागद हातात धरून ओळी म्हणायच्या. ऐकायला कुणी नसायचं. मालकीणबाईंना एकदा जाग आली तेव्हा त्यांनी दाराबाहेरून विचारलं होतं, "कोण आलंय गं?"

काळा कागद का, तर त्यावर फोटो उठून दिसतो. स्टुडिओवाल्यानंच सांगितलं होतं. पुढचं सगळं त्या काळ्या कागदानं केलं.

ती वर्षं दुष्काळाची होती. आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, अहमदपूरकडून लोह्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत तीन किलोमीटर. आमच्या मळ्यातली विहीर त्या उन्हाळ्यात अशी आटली की तळाला भेगा दिसायच्या. बेडूकसुद्धा राहिला नाही. अप्पांनी मोट कधीच सोडून ठेवली होती, पण सवयीनं ते रोज सकाळी मळ्यात जायचे आणि विहिरीच्या काठावर बसून एकतारी छेडायचे. भजनी मंडळात अप्पांचाच आवाज पुढं असायचा. एका रजेत मी घरी गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग मळ्यात गेले, तर ते विहिरीकडं तोंड करून, वाकून, आत गात होते.

मी म्हणाले, "अप्पा, हे काय करून राहिलात?"

"ऐक तर." त्यांनी एक ओळ आत सोडली. ती खालून वर आली, जाड होऊन. "पाणी होतं तवा असं घुमत न्हवतं. आता बघ. देवळात बी असा आवाज न्हाई निघत."

मी कॅमेरा काढला. अप्पांनी लगेच एकतारी खाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसले.

"असं नको. गा तुम्ही."

"फोटोत आवाज येतो का? मग गाऊन काय फायदा?"

"तोंड तसं येतं."

"तोंड वाकडं येतंय गाताना. नगं."

तरी मी काढला. ते चिडून माझ्याकडं बघत असताना नाही, त्यानंतर, विसरून परत गायला लागले तेव्हा. बारातला एक. दुसऱ्या दिवशी त्याच जागी टेप ठेवून त्यांचं गाणंही भरून घेतलं. ऐकवते म्हटलं तर म्हणाले, "मला माझा आवाज ठाऊक हाय. तू ऐक."

लातूरला येऊन रोल धुवायला दिला. धुऊन देताना स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, अकरा फोटो तुम्ही विहिरीचे नि जमिनीचे काढलेत. पण हा एक माणसाचा आहे, आणि हाच चांगला आलाय." तो खरंच चांगला आला होता. डोळे मिटलेले, तोंड उघडं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे लख्ख. मी तो काळ्या कागदावर चिकटवला आणि खाली लिहिलं:

पाणी सोडून गेलं,
सूर मागं राहिला;
कोरड्या विहिरीच्या काठावर मी
बाप माझा पाहिला.

वर मथळा घातला, "अप्पांस". आणि माझ्या मनानं घेतलं की हे छापून यावं. बी.ए. झालेल्या माणसाला असं वाटतंच. नांदेडच्या एका वर्तमानपत्राला रविवारच्या पानासाठी तो कागद आहे तसा, चिकटवलेल्या फोटोसकट, पोस्टानं पाठवला. खाली माझं नाव लिहायला लाजले, फक्त "एक मुलगी" आणि गावाचं नाव टाकलं. महिना गेला, दोन गेले. छापला नाही की परत आला नाही. पोस्टात हरवला असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला.

कागद पाठवून पाचेक महिने झाल्यावर, एका सकाळी, मी कचेरीत आवक-जावकचं रजिस्टर उघडून बसले होते. अव्वल कारकून नांदेडला पाहुण्यांच्या लग्नाला गेले होते, ते पहाटेच्या बसनं निघून थेट कचेरीत आले. पिशवी खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि तसेच उभे राहिले.

"बाई, तुम्ही आज इथं कशा?"

"का? रजा नाही माझी."

ते जवळ आले. आवाज उतरवून म्हणाले, "तुम्हाला कुणी कळवलं नाही? अहो, पेपरला आलंय. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात नांदेडचा पेपर होता. काळ्या चौकटीत तुमच्या वडलांचा फोटो, खाली गावाचं नाव. मी ओळखलं ना. तो माणूस लोह्याला उतरला, नाहीतर पेपरच मागून आणला असता."

"काय लिहिलंय?"

"खाली कविता होती. असते ना श्रद्धांजलीची, तशी."

आमच्या भागात कुणी गेलं की पेपरात फोटो देतात आणि त्याखाली ओळी असतातच. कविता होती म्हटल्यावर माझी शंका फिटायची ती आणखी पक्की झाली. मी पाठवलेला कागद तेव्हा आठवला का? नाही आठवला. खरं ते सांगते. मला आठवलं ते पंधरा दिवसांमागचं मायचं पत्र. माय शेजारच्या मुलीकडून पत्र लिहून घ्यायची. त्यात होतं, अप्पाला खोकला हाय, रातीला झोप न्हाई, तू काळजी करू नको.

अव्वल कारकुनांनी माझा रजेचा अर्ज स्वतः लिहिला. मी फक्त सही केली, तीही चुकीच्या जागी. खोलीवर जाऊन पिशवी भरली. पिशवीत काय घेतलं, तर टेप आणि अप्पांची कॅसेट. कपडा नाही, लुगडं नाही, तोंड पुसायला टॉवेलसुद्धा नाही. त्यांचा आवाज माझ्याकडं आहे आणि तो घरी पोचवला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

अहमदपूरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. तिथं बस थांबली तेव्हा स्टँडवरच्या पेपरवाल्याकडं नांदेडचा अंक होता. मी उभ्यानंच उघडला. तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, अप्पा. डोळे मिटलेले, तोंड उघडं. भोवती जाड काळी चौकट. आणि खाली, "पाणी सोडून गेलं, सूर मागं राहिला".

माझ्या ओळी! माझाच कागद!

मी तिथंच बाकावर बसले. मला हसू फुटत होतं. त्यांनी माझा काळा कागद कडेसकट तसाच ब्लॉक करून, म्हणजे धातूचा ठसा घेऊन, छापला होता. चौकट म्हणजे माझीच बोटभर जागा. अप्पा जिवंत आहेत, मी वेडी आहे, पेपरवाले माझ्याहून वेडे आहेत.

हे सुख बस सुटेपर्यंत टिकलं. जागेवर बसून परत पान उघडलं तेव्हा दिसलं की शेजारच्या रकान्यात एका सावकाराचं दुःखद निधन आहे आणि त्याच्याखाली कुणाचा तरी तेराव्याचा कार्यक्रम. आणि हा रविवारचा अंक नव्हता. पाच महिने ज्यांनी कागद दाबून ठेवला ते आजच का छापतील? माझ्या मनात आलं, अप्पा खरंच गेले असतील. गावातून कुणीतरी नांदेडला निरोप दिला असेल, संपादकाला आठवलं असेल की ह्या म्हाताऱ्याचा फोटो आपल्याकडं पडलाय, कविताही आहे, लावा.

शेजारी पागोट्यातले एक म्हातारे बसले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, हे बघा जरा. ही मयताची बातमी वाटते का?"

त्यांनी पेपर लांब धरला, जवळ धरला. "वाचाया येत न्हाई मला. पर काळी चौकट हाय म्हंजी गेलाच की. तोंड बी उघडं पडलंय." मग माझ्याकडं बघून, "कोण तुझा?"

"बाप."

म्हाताऱ्यानं पेपर घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलून माझ्यापुढं धरली. "पी." त्या दिवसांत बसमध्ये कुणी कुणाला पाणी देत नव्हतं, एवढं मला कळलं आणि रडू आलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मी फाट्यावर उतरताना ते म्हणाले, "चांगलं तोंड होतं, माय. भजनाचं तोंड."

फाट्यापासून मी जवळजवळ पळतच निघाले. वाटेत एक बैलगाडी दिसली. तीत डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, सगळ्या गप्प. मी गाडी ओलांडून पुढं गेले, पण कोण आहेत ते पाहिलं नाही, आणि त्यांनीही मला हाक मारली नाही. उन्हं कलायला लागली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. आत्याचा आवाज. अप्पांची थोरली बहीण, देवणीला दिलेली. तिचा रडण्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते, तो चार घरांपलीकडं जातो.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. बसलेल्यालाच नेतात आणि बसलेलाच पुरतात. म्हणून इतरांना जे दिसलं असतं ते मला दिसलं नाही. मला दिसलं ते हे: ओट्यावर अप्पा भिंतीला टेकून बसलेत. मांडी घातलेली. कपाळावर ताजी विभूती. डोळे मिटलेले. भोवती माणसं, पायाशी आत्या कपाळ बडवून घेत बसलेली. एकतारी बाजूला.

मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले. पिशवी हातातून सुटली. टेप दगडावर आपटल्याचा आवाज झाला.

अप्पांनी एक डोळा उघडला.

"आता ही बी आली का!" ते म्हणाले. "या, बी.ए. बाई. या. तुमचीच वाट बघत होते समदे."

मी खाली बसले. गल्लीत, मातीत. पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं आणि कुणीतरी ओरडलं, "वाया घालवू नगा पाणी, पाजा तिला." मला एवढंच आठवतं की अप्पांचा अंगठा हलत होता. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा, ताल धरल्यासारखा. मी त्याच्याकडं बघत राहिले. कितीतरी वेळ.

झालं होतं असं. सकाळी शाळेचे गुरुजी पेपर घेऊन धावत आले, तर अप्पा ओट्यावर चहा पीत बसलेले. गल्ली हसून हसून दमली. पण दुपारपासून बाहेरगावची माणसं यायला लागली. ज्यानं ज्यानं पेपर पाहिला तो तो मिळेल त्या गाडीनं निघाला. अप्पा लिंगपूजा करून बसले होते, ते बसूनच राहिले. आलेल्या प्रत्येकाला दिसायला नको का जिता आहे म्हणून! आत्या सगळ्यांत शेवटी आली आणि भाऊ जिवंत दिसला तरी तिचं रडं थांबेना. अप्पा कंटाळून डोळे मिटून बसले, त्याच वेळी मी गल्लीत शिरले.

"आता गप की अक्का," अप्पा म्हणाले.

"कशी गप बसू? देवणीपासनं रडत आले. आता ते कुठं ठेवू?" आत्यानं नाक ओढलं. "आन् मेल्या, तू मेला न्हाईस तर कळवायचं की मला!"

"जिता हाय म्हणून तार करू का तुला? रोज करू?"

सगळे हसले. मीही हसले. मात्र माय हसली नाही. ती दारात चौकटीला धरून उभी होती. मी उठून तिच्याकडं गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"काय लिवलं होतंस तू?"

"माय, मी असं काही—"

"शेजारच्या गावच्या बाया आल्या दुपारी. मी पाठ करून भाकरी थापत होते. एकीनं मागनं येऊन माझा हात धरला बांगड्या काढायला. धरला बघ असा." तिनं स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "मी वळले, तर तीच भ्याली. मला वाचाया येत न्हाई म्हणून विचारते. काय लिवलंस ते म्हण आता, समद्यांपुढं."

 कॉलेजात मी काव्यवाचनाला उभी राहिले होते, बक्षीसही घेतलं होतं, पण असं कधी वाचलं नव्हतं. पेपर समोर धरून मी त्या चार ओळी म्हटल्या. आपल्याच गल्लीत, आपल्याच बापासमोर, बाप जिवंत असताना.

माय म्हणाली, "परत म्हण."

मी परत म्हटलं.

"ह्यात गेलं कोण?"

"पाणी."

"बाप पाहिला म्हणालीस. गेला असं न्हाई म्हणालीस."

"नाही म्हणाले."

मायनं पदरानं तोंड पुसलं. "मग लिवलं ते खोटं न्हाई," ती म्हणाली आणि आत वळली. आतून तिचा आवाज आला, "वीस माणसांचा चहा हाय, कुणी तरी जळण आणा."  

अप्पांनी एकतारी मांडीवर घेतली होती. "आणिक एकदा म्हण," ते म्हणाले. माझ्या तोंडून त्या ओळी ते त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हटलं आणि ते ओठ हलवत राहिले. मग हळू तार छेडून पहिली ओळ गायली. दुसरी गायली. तिसऱ्या ओळीला अडखळले.

"ही लंगडी हाय."

"कुठं?"

"कोरड्या विहिरीच्या काठावर मी... तोंडात मावत न्हाई. माणूस मधीच पडतंय विहिरीत." त्यांनी परत गाऊन पाहिलं. "कोरड्या आडाच्या काठी. असं घे."

"अप्पा, आड वेगळा, विहीर वेगळी. आपली विहीर आहे."

"मला सांगते! खांदली मी." त्यांनी आत्याकडं बघितलं. "अक्का, आड म्हणलं तर कळंल का न्हाई तुला?"

"कळंल की. आड तर आड."

"झालं मग. कालिजात आड न्हाई शिकवला वाटतं." आणि ते गायला लागले.

मी पिशवीतून टेप काढला. एक कोपरा फुटला होता, पण कळ दाबली तर चाक फिरलं. कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती. मी टेप ओट्यावर ठेवला, पेपरातलं पान उलगडून त्याच्या शेजारी दगडाखाली ठेवलं. कुणी वाकून फोटो बघत होतं, कुणी अप्पांच्या तोंडाकडं आणि मग परत फोटोकडं, दोन्ही एकच आहेत ना अशा चेहऱ्यानं. अप्पा ओळ म्हणत, मंडळी ती उचलत. बैलगाडीतल्या बायका तेवढ्यात पोचल्या. अप्पांनी गाता गाताच त्यांना हात करून बसायला सांगितलं. रविवारी दार लोटून जे मी एकटीनं करत होते ते गल्लीत चाललं होतं. माझ्याकडं फक्त कळ दाबून धरायचं काम होतं, कारण ती फुटल्यामुळं अडकत नव्हती. ती कॅसेट अजून माझ्याकडं आहे. तीत आत्याचं नाक ओढणं आहे, मायनं कपबशा मांडल्याचा आवाज आहे आणि तिसरी ओळ अप्पांची आहे. मी ती पुढं कधी बदलली नाही.

काळा कागदही सोडला नाही. पुष्कळांनी सांगितलं, पांढऱ्यावर चिकटव आता. मी म्हटलं, चौकट त्यांनी निधनाच्या रकान्यात लावली, मी नाही. पण माझी चूक मी मान्य केली: "अप्पांस" असा मथळा घालून खाली नाव न लिहिणं हा आगाऊपणा होता. तेव्हापासून नाव लिहिते, पूर्ण. वर्तमानपत्राला मी पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं की पान भरायला मजकूर कमी पडला म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं फायलीतून ब्लॉक घेतला, क्षमस्व. खुलासा छापला, दोन ओळींचा, फोटो न घालता. अप्पा त्यावर चिडले. मेलो तर फोटो, जिता तर नुसत्या दोन ओळी, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं.

पण हे नंतरचं. त्या दिवशीची माणसं रात्री जेवून आमच्याच ओट्यावर आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कचेरीसाठी निघायचं होतं. मायनं बांधून दिलेलं घेतलं. अप्पा फाट्यापर्यंत सोडायला आले. खोकला होताच, मधे मधे थांबायचे, पण पुढं तेच चालत होते. मी मुद्दाम मागं राहिले. त्यांच्या वहाणांखालून धूळ उडत होती आणि ती माझ्या तोंडावर येत होती. मी ती येऊ दिली.

फाट्यावर नांदेडकडून बस आली, माझीच. तिच्यातून माझा मामा उतरला, हदगावचा. त्याच्याकडं पेपर संध्याकाळी पोचला असणार. डोळे लाल झालेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला झेंडूचा मोठा हार. उतरून वळला, तर समोर अप्पा.

मामानं हात पाठीमागं नेला. हार लपवावा तर लपेना एवढा मोठा.

"या पावणं," अप्पा म्हणाले. "एवढ्या लांबून आणलाय तर घाला की."

"दाजी, म्या... पेपरात..."

"ठाव हाय. घाला. जित्याच्या गळ्यात बसत न्हाई का?" आणि अप्पांनी मान खाली वाकवली.

मामानं हार घातला आणि अप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून लेकरासारखा रडला. अप्पा त्याच्या पाठीवर थोपटत होते आणि दुसऱ्या हातानं मला खूण करत होते, बस निघंल, चढ.

मी चढले. खिडकीची जागा मिळाली. बस हलली तरी अप्पा तसेच उभे, गळ्यात हार, मामाला धरून. कंडक्टर वाकून बाहेर बघत होता.

"कोण हो ते? पुढारी का?"

"माझे वडील."

"मग हार कशापायी? अन् तो माणूस का रडायलाय?"

बसमधली चार डोकी माझ्याकडं वळली. मी पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"लातूरचं तिकीट द्या आधी," मी म्हणाले, "मग सांगते."